'मांडवपरतणी'तला शाहीर

निलेश शिवलकर पडवीत पाण्याच्या पंपाची मोटर उघडून बसला होता. फाटकाशी स्कूटर थांबली, बाईने दोनदा हाक मारली, शेजारचा कुत्रा भुंकला, यातलं त्याला काहीच कळलं नाही. मोटरवर सावली पडली तेव्हा त्याने मान वर केली. समोर एक चष्मेवाली बाई हसत उभी होती आणि तिचं अर्धं बोलणं होऊनही गेलं होतं.

निलेशने हात पुसले, खुर्ची पुढे केली आणि आत तोंड करून बायकोला हाक मारली. हल्ली घरी कोणीही आलं की तो आधी अक्षयाला बोलवायचा.

बाईचं नाव ऋजुता लिमये. रत्नागिरीत मुलांना गाणं शिकवायची आणि तिथल्या एका हौशी नाट्यसंस्थेत संगीताची बाजू सांभाळायची. काळबादेवीला ती खास निलेशला भेटायला आली होती. अक्षयाने पाणी आणलं, आणि निलेशच्या समोर, त्याला आपलं तोंड दिसेल अशी बसली.

"आम्ही एक नाटक बसवतोय," ऋजुता म्हणाली. "नाव 'मांडवपरतणी'. संगीत नाटक आहे आणि खुनाचं रहस्यही आहे. लग्न होऊन मांडवपरतणीचा दिवस आहे, नवरी नवऱ्यासह माहेरी आलीय, आणि त्याच दिवशी नवरीचे वडील, खोत, मांडवात मेलेले सापडतात. प्रेक्षक नुसते बघत बसणार नाहीत. पाहुण्यांसारखे चारही बाजूंनी बसणार आणि ज्यांच्यावर संशय आहे त्यांना स्वतः प्रश्न विचारणार. शेवटी चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त, तो त्या दिवसापुरता खुनी."

"म्हणजे रोज वेगळा?" अक्षयाने विचारलं.

"रोज वेगळा. आणि त्यात एक शाहीर आहे. लग्नात नाच घेऊन आलेला. त्याला कोणी काहीही विचारलं तरी त्याने गाण्यातच उत्तर द्यायचं, जागच्या जागी रचून. शहरात गाणारे पुष्कळ आहेत हो. असा माणूस मिळत नाही. मी पालीच्या बारीत निलेशदादांना ऐकलंय. समोरचा सवाल पुरा व्हायच्या आत यांचा जबाब तयार. तेव्हापासून डोक्यात होतं."

बारी म्हणजे शक्ती-तुऱ्याचा सामना. गणपतीच्या दिवसांत दोन गावचे दोन शाहीर आमनेसामने उभे राहतात. मागे पोरं फेर धरून नाचतात, ढोलकी-झांज वाजते, आणि एकाने गाण्यातून घातलेला सवाल दुसऱ्याने गाण्यातूनच सोडवायचा. न सुटला तर हार. निलेश बोटीवरून सुट्टीला यायचा तो गणपती धरूनच, आणि आला की गावाच्या वतीने बारीला उभा राहायचा. पालीच्या माणसांनी त्याला त्या वर्षी खांद्यावर घेतला होता.

ऋजुताच्या ओठांवरून निलेशने 'पाली' टिपलं, 'शाहीर' टिपलं. बाकीचं त्याने तिच्या चेहऱ्यावरून जुळवलं.

"सगळ्यांची ऑडिशन घ्यायची असा सलिलसरांचा नियम आहे," ऋजुता म्हणाली. "तुमच्या बाबतीत ते आपलं नावाला. रविवारी येता ना?"

अक्षया काही बोलणार एवढ्यात निलेश म्हणाला, "येतो."

ऋजुता गेल्यावर अक्षयाने खुर्ची त्याच्याजवळ ओढली. मग त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तिला सांगितलं नाय तुमी."

"काय सांगायचं?"

"काय ते तुमाला ठाऊक हाय."

"सांगितलं तर बोलावतील काय गो?"

 ती पेला उचलून आत गेली.

वीसेक वर्षं निलेशने बोटींच्या इंजिनरूममध्ये काढली होती. पोटात घुमणारा तो आवाज त्याला कधी त्रासाचा वाटला नाही. पहिल्या पहिल्यांदा कानात बोळे घालायचा, मग कंटाळा केला. घरी आला की लोक हळू बोलतात असं त्याला वाटायचं, आणि लोकांना वाटायचं की बोटीवरचा माणूस आहे, जोराने बोलायची सवय. पुढे मुंबईला कंपनीच्या तपासणीत त्याला काचेच्या खोलीत बसवलं. कानाला यंत्र लावलं, हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबा म्हणून सांगितलं. त्याने अंदाजाने दाबलं. डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, "शिवलकर, मी काही वाजवलंच नव्हतं तेव्हासुद्धा तुम्ही दाबलंत." त्यानंतर त्याला बोट मिळाली नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की नस मेली ती मेली, आता कानातलं मशीन आवाज मोठा करील, पण शब्द सुटे करून देणार नाही.

तरी गेल्या गणपतीत तो बारीला उभा राहिला. देवरूखकडचा शाहीर होता. त्याने घातलेल्या सवालातला 'सागर' हा एकच शब्द निलेशच्या हाती लागला, आणि त्याने सागरावर लांबलचक जबाब बांधला. सवाल सगर राजाच्या पुत्रांचा होता. गावची माणसं हसली नाहीत. गप्प बसली. दुसऱ्या दिवशी म्हातारा धाकू ढोलकीवाला आला. निलेशला पहिली बारी त्यानेच बांधून दिली होती. तो पडवीत टेकला, त्याने पान जुळवलं आणि निलेशचा हात हातात घेऊन तोंड नीट दाखवत म्हणाला, "यंदापास्नं पोरांना म्होरं करूया रे." निलेश बरं म्हणाला. त्या दिवसानंतर गावात कोणी त्याला गायला सांगितलं नाही, आणि वाडीतल्या भजनात त्याच्यासाठी भिंतीकडची जागा राखून ठेवू लागले. ते त्याला जास्त लागलं.

शहरात मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. त्या ऋजुताबाईच्या डोक्यात अजून पालीचाच निलेश होता. ती आल्या दिवसापासून तो पहाटे उठून विहिरीकडे जाऊन गळा मोकळा करू लागला. केस त्याने कापायचे टाळले, कानावर येऊ दिले. कपाटातलं मशीन काढून त्यात नवा सेल घातला.

अक्षयाने पहिले काही दिवस अबोला धरला. मग तिलाच राहवेना. माणूस पुन्हा हसतोय, जेवताना बोटांनी पाटावर ठेका धरतोय, हे तिच्या डोळ्यांना दिसत होतं. रात्रीची भाकरी थापता थापता ती त्याच्याकडे वळायची आणि प्रश्न टाकायची.

"शाहीर, खोतांशी तुमचं वाकडं कशावरून?"

निलेश क्षणभर डोळे मिटायचा आणि गाऊन मोकळा व्हायचा. तिचे ओठ त्याला पाठ होते. लग्नापासूनचं बोलणं त्या ओठांत साठलेलं होतं. तिने कोड्यात विचारलं तरी तो सोडवायचा. पण मध्येच ती चुलीकडे वळून काही विचारायची तेव्हा तो तसाच तिच्या पाठीकडे हसऱ्या तोंडाने बघत राहायचा, आणि ती पुन्हा वळून तोच प्रश्न विचारायची.

"तिथे सगळे समोरून नाय विचारणार," ती एकदा म्हणाली.

"तू समोर बस. तू नुसते ओठ हलव. मी तुझ्याकडे बघून घेईन."

"आणि मला बसू दिलं नाय तर?"

"देतील गो," तो म्हणाला. "गावची माणसं येतातच की सोबत."

रविवारी दोघं मोटरसायकलवरून शिरगावमार्गे शहरात आली. ऑडिशन एका शाळेच्या सभागृहात होती. बाहेर व्हरांड्यात पंधरावीस माणसं कागद हातात धरून पुटपुटत होती. इंजिनिअरिंगचा एक मुलगा, ऋत्विक नावाचा, उंच आणि बडबड्या, स्वतःहून निलेशजवळ आला.

"तुम्ही शाहीर ना? ऋजुतामॅडम तुमच्याबद्दल सांगत होत्या. मीही त्याच भूमिकेसाठी आलोय, पण आता कठीण दिसतंय माझं."

अक्षयाने निलेशकडे बघून ते पुन्हा म्हटलं, जणू तिला त्याची गंमत वाटली म्हणून. निलेशने मुलाच्या पाठीवर थाप मारली. "तूही गा रे बिनधास्त," तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं. त्या घडीला त्याला खात्री होती.

आत सभागृहात वर्तुळात खुर्च्या मांडल्या होत्या. मधे मोकळी जागा. सलिल दामले, दिग्दर्शक, पन्नाशीचा, दाट मिशांचा माणूस, एका बाजूला बसला होता. बोलताना त्याचा हात सारखा मिशांवर जायचा. निलेशने पहिल्याच नजरेत ते पाहिलं. या माणसाचे ओठ वाचता येणार नव्हते. त्याने केसांआडून मशीन चालू केलं. छताच्या पंख्यांची घरघर, खुर्च्यांचं खरखरणं, कोणाचा तरी खोकला, सगळं एकदम अंगावर आलं आणि माणसांचे शब्द त्यात बुडून गेले. त्याने मशीन पुन्हा बंद केलं. निदान शांतता तरी ओळखीची होती.

अक्षयाला बसायला कोणी हरकत घेतली नाही. ती बरोबर त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसली.

"आधी एखादा गण म्हणा," सलिल म्हणाला. अक्षयाने ओठ हलवले. गण.

ढोलकीवर संस्थेचाच हर्षद नावाचा माणूस होता. निलेशने चपला काढल्या, ढोलकीजवळच्या लाकडी पाटावर एक पाय ठेवला आणि ठेका तळव्यातून वर येऊ दिला. मग त्याने छाती भरून घेतली.

"आधी नमन धरतीला, मग सागराच्या पाण्याला,
मग बसल्या मंडळींना, ज्यांनी कान दिला गाण्याला."

त्याचा आवाज अजून तसाच होता, रुंद आणि मोकळा, उघड्या मैदानात हजार माणसांवरून जाणारा. पेटीच्या सुराच्या तो किंचित वर चढला होता. ऋजुताने पेटीवरचे हात हळूच उचलून घेतले आणि त्याला नुसत्या ढोलकीवर गाऊ दिलं. निलेशने एवढंच पाहिलं की व्हरांड्यातली माणसं दाराशी गोळा झाली आणि सलिलचा हात मिशांवरून खाली आला.

"वा, शाहीर," सलिल म्हणाला. हे अक्षयाला सांगावं लागलं नाही. "आता मी विचारतो. तुम्ही या लग्नात कोणाकडचे? वराकडचे की वधूकडचे?"

अक्षयाचे ओठ हलले. निलेशने ढोलकीवाल्याला खूण केली.

"नवरीच्या घरचं पाणी प्यालो, नवऱ्याच्या पंगतीत भात,
ज्याच्या मांडवी ढोलकी वाजे, तीच शाहिराची जात."

टाळ्या पडल्या. ऋत्विकने दारातून दोन्ही हात वर करून वाजवल्या. अक्षयाचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. बोट गेली, बारी गेली, पण हे गेलं नाही, असं निलेशला वाटलं. वर्षभरात त्याला असं काही वाटलं नव्हतं.

मग सलिल उठला आणि त्याने भिंतीवरची बटणं बंद केली. खिडक्यांना काळे पडदे आधीच लावलेले होते. सभागृहात अंधार झाला. कोणीतरी एक मोठी विजेरी पेटवली आणि झोत निलेशच्या तोंडावर टाकला.

निलेशने डोळ्यांवर हात धरला. "दिवे गेले काय?" त्याने विचारलं.

कोणीतरी काही सांगितलं. ते त्याला ऐकू आलं नाही. अक्षयाने त्याला मागाहून सांगितलं की प्रयोगात असंच होणार होतं. खून झाल्यावर मांडवातले दिवे जातात आणि सगळी चौकशी विजेरीच्या उजेडात होते. लोकांना त्यात मजा येते.

समोर अक्षया होती, पण झोताच्या पलीकडे काळोखात. तिचा चेहरा म्हणजे नुसता एक ठिपका. निलेशने घाईने मशीन चालू केलं. पंख्यांची घरघर परत आली. त्या घरघरीत पाठीमागून कुठूनतरी एक लाट उठली आणि विरली. प्रश्न असावा. तो वळला. झोतही त्याच्याबरोबर वळला.

खुनाची चौकशी म्हणजे पहिला प्रश्न काय असणार? तू कुठे होतास, हाच. त्याने मनाशी धरलं आणि गायला.

"विहिरीपाशी उभा होतो, पाय धुतले गारेगार,
मांडवात गलका झाला, तेव्हा कळला हा प्रकार."

झोत हलला. विजेरी धरणाऱ्याचा हात हलत होता. त्याचा हात भरून आला असेल असं निलेशला वाटलं. पुन्हा एक लाट उठली, या वेळी डावीकडून. मग लगेच उजवीकडून. त्याने खोतांची थोरवी गायली. मग लाट अजून ओसरली नव्हती, तरी आपली पाळी समजून त्याने नवरीचं रडणं गायलं. झोत आता चांगलाच नाचत होता. निलेशने गळ्याला आणखी जोर दिला. समोरच्याचा सवाल अवघड असला तर आवाज चढवायचा, हे त्याला धाकूनेच शिकवलं होतं. घामाने मशीन कानात सरकलं आणि शीळ घालू लागलं. ती शीळ साऱ्या सभागृहाला ऐकू गेली, त्याला सोडून.

झोतात एकदम अक्षया आली. तिने त्याचे दोन्ही दंड धरले आणि तोंड त्याच्या तोंडासमोर आणलं. उजेडात तिचे ओठ स्वच्छ दिसले.

"ते मघापासून एकच विचारतायत," ती म्हणाली. "खोत मेले तेव्हा तुमच्या हातात काय होतं?"

निलेशने तिच्याकडे पाहिलं. मग झोत जिथून येत होता तिकडे पाहिलं. झोत आता अगदी स्थिर होता, आणि तेव्हा त्याला कळलं की आधी तो का हलत होता.

तो बाजूला होऊ शकला असता. पण सवाल पोचला होता आणि जबाब आपोआप जुळून आला होता. त्याला तो आवरता आला नाही.

"हातामधी होती ढोलकी, दोन्ही हात तिच्या कामी,
खून कराया तिसरा हात कुठून आणू मी?"

दिवे लागले. कोणी लगेच टाळी वाजवली नाही. सगळे त्याच्या कानाकडे बघत होते, आणि तो बघतोय हे दिसल्यावर एकदमच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, भरपूर, संपेचनात अशा. बालवाडीच्या स्नेहसंमेलनात पोर गाणं विसरलं की वाजवतात तशा. ऋजुता पेटीमागे मान खाली घालून बसली होती.

नंतर सलिलने दोघांना शेजारच्या वर्गात नेलं. तिघं लहान मुलांच्या बाकांवर बसली. सलिल सज्जन माणूस होता. त्याने मिशांवरचा हात काढला आणि एकेक शब्द तोंड भलतंच मोठं उघडून बोलू लागला. त्यामुळे निलेशला थोडंफार कळत होतं तेही कळेनासं झालं. शेवटी तो अक्षयाकडेच वळून बोलला.

"त्यांच्यावर अन्याय होतोय हे मला कळतंय," सलिल म्हणाला. "पण हे नाटकच प्रश्न ऐकण्याचं आहे. लिहिलेलं नाटक असतं तर मी डोळे मिटून त्यांना घेतलं असतं. दिवे लावून करायचं म्हटलं तरी लोक पाठीमागून विचारणार. मी काय करू, तुम्हीच सांगा."

अक्षयाने सगळं सांगितलं नाही. "जमणार नाय म्हणतायत," एवढंच निलेशला सांगितलं.

"मात्र आवाज असा मिळणार नाही," सलिल घाईने म्हणाला. "सुरुवातीचा गण आम्ही यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून घेऊ. प्रयोग सुरू व्हायच्या आधी तोच वाजेल. पत्रिकेत नाव घालू."

ते अक्षयाने पूर्ण सांगितलं. निलेशने बाकावर कोरलेली नावं बोटाने चाचपली. "घ्या," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर पुलाच्या अलीकडे त्याने गाडी थांबवली. खाडीला ओहोटी होती, चिखलात बगळे उभे होते. तो उतरून तिच्यासमोर उभा राहिला.

"तू कशाला आलीस पुढे?"

"मग काय बघत बसू? हसत होते ते तुमाला."

"मला कुठे ऐकू येत होतं?"

"मला येत होतं," अक्षया म्हणाली.

तो खाडीकडे वळला. थोड्या वेळाने तिनेच गाडीची किल्ली फिरवली आणि तो बसला.

रेकॉर्डिंग ऋजुताच्या घरी झालं. तिने कानाला मोठे हेडफोन लावून दिले, पेटीचा सूर होईल तितका मोठा केला. निलेश पुन्हा पुन्हा गायला. दर वेळी सुरुवात जमायची आणि दुसऱ्या ओळीला सूर हातातून सुटायचा, कधी वर, कधी खाली. त्याला ते कळत नव्हतं, ऋजुताच्या भुवयांवरून कळायचं. शेवटी ती म्हणाली की झालं, छान झालं, थोडं कॉम्प्युटरवर नीट करून घेईन. अक्षयाने कॉम्प्युटरचं तेवढं गाळलं. पण निलेशने ते ऋजुताच्या ओठांवर वाचलं होतं.

आंब्याला मोहोर धरायच्या दिवसांत 'मांडवपरतणी'चा पहिला प्रयोग लागला, रविवारी दुपारी. त्यांचा मुलगा अजिंक्य आता बोटीवर होता; त्याने तिथून फोन करून बाबांचा आवाज ऐकायचाय, कोणालातरी व्हिडिओ काढायला सांगा म्हणून बजावलं होतं. निलेशने इस्त्रीचा सदरा घातला. केस त्याने आदल्या दिवशी कापून आणले होते, आणि मशीन उघड दिसत होतं. पत्रिकेत शेवटच्या ओळींत त्याचं नाव होतं. अक्षयाने ते दोनदा दाखवलं.

त्यांच्या खुर्च्या दुसऱ्या रांगेत होत्या. मांडव खरोखरीचा घातला होता, आंब्याच्या डहाळ्या, केळीचे खांब, झेंडूच्या माळा. दिवे मंदावले. अक्षयाने त्याच्या मनगटावर बोटं ठेवली. सुरू झालं, असं तिने त्या बोटांनी सांगितलं. मशीनमधून त्याला एक घोगरी घरघर ऐकू आली. ती त्याची होती की गर्दीची, ते त्याला ठरवता आलं नाही. तो शेजारच्या रांगेतल्या माणसांची तोंडं बघत राहिला. एक बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होती. एक म्हातारा मान डोलावत होता, पण तो आधीपासूनच डोलावत होता. मग अक्षयाने बोटं उचलली. संपलं.

त्यानंतरचं नाटक निलेशला फारसं कळलं नाही. शाहीर ऋत्विक झाला होता. तो गोंडस दिसत होता, फेटा त्याला शोभत होता. अंधार झाला, विजेऱ्या फिरू लागल्या, लोक उभे राहून काहीबाही विचारू लागले. ऋत्विकला सगळी उत्तरं गाण्यात देता येत नव्हती. दोनचार आधी बसवलेली गाणी तो फिरवून फिरवून म्हणायचा, आणि अडलं की "हे माझ्या ढोलकीला विचारा" म्हणून ढोलकीवाल्याकडे बोट करायचा. त्यावर लोक खो खो हसत होते. अक्षयाने हे त्याला कानाशी लागून सांगायचा प्रयत्न केला. त्याने हाताने नको म्हटलं.

शेवटी चिठ्ठ्या वाटल्या. अक्षयाने त्याला विचारलं, "तुमाला कोण वाटतो?"

"तूच लिही दोन्हींवर," तो म्हणाला.

तिने दोन्हींवर नवरदेवाच्या काकाचं नाव लिहिलं. खुनी निघाली स्वयंपाकीणबाई.

प्रयोग संपल्यावर बाहेर अंगणात गर्दी उसळली. चहाच्या टेबलाशी ऋजुता भेटली, गजरा माळलेली, दमलेली, खुशीत. अक्षया कप आणायला गेली होती. ऋजुता निलेशचा हात धरून बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. ऊन तिच्या पाठीमागून येत होतं, त्यामुळे तिचं तोंड त्याला नीट दिसत नव्हतं. मध्येच तिने काहीतरी विचारलं, असं त्याला तिच्या मानेवरून वाटलं. तिच्या हाताची पकड त्याला काळजीची वाटली. तिला बरं वाटावं म्हणून तो हसला आणि म्हणाला, "हो, हो. चालेल की." तिने त्याचा हात दाबला आणि ती दुसऱ्या माणसांकडे वळली. कप घेऊन आलेल्या अक्षयाने मागून बरंचसं ऐकलं होतं.

चहा संपवून दोघं निघाली. गाडीशी आल्यावर ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"ती काय विचारत होती ते कळलं तुमाला?"

"प्रयोग कसा झाला ते. दुसरं काय."

अक्षयाने पदराने तोंड पुसलं. "पुढचे प्रयोग देवरूखला आणि गुहागरला हायत. तिथे गण स्टेजवरच म्हणायचा म्हणतायत. रेकॉर्डचा सूर पुढच्या गाण्याला जुळत नाय. ऋत्विक म्हणेल, तुमची हरकत नाय ना, असं विचारत होती."

निलेश गाडीच्या आरशात बघत राहिला. आरशात नाट्यगृहाचं दार दिसत होतं, आणि दारातून माणसं हसत बाहेर पडत होती.

"जाऊन सांगू काय तिला?" अक्षया म्हणाली. "की तुमाला ऐकू गेलं नव्हतं?"

"नको," तो म्हणाला. "ऐकू गेलं असतं तरी तेच म्हणालो असतो."

त्याने गाडी सुरू केली. ती मागे बसली. मारुती मंदिराच्या चौकापर्यंत रविवारची गर्दी होती, तिथून पुढे रस्ता मोकळा लागला.